सुवर्णनगरी जैसलमेर : तीर्थ, ग्रंथ आणि पाणी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



थंडीचे दिवस आले की महाराष्ट्रातील गावोगावचे यात्रासंघ राजस्थानकडे प्रस्थान ठेवतात. नाकोडा, ओसिया करीत संघाची बस थरच्या वाळवंटात शिरते आणि एका सकाळी त्रिकूट टेकडीवरचा पिवळ्या दगडाचा दुर्ग समोर उभा राहतो. मार्गदर्शक हात उंचावून सर्वांना एकत्र करतो आणि माहिती देऊ लागतो. रावल जैसल याने इ. स. ११५६ मध्ये लोद्रवा येथील राजधानी सोडून हे नगर वसविले. टेकडीची उंची सुमारे २५० फूट. तटाला ९९ बुरूज. यात्रेकरू माना डोलावतात, छायाचित्रे घेतात आणि पुढे चालू लागतात. दोन तासांत किल्ला, मग हवेल्या, मग भोजन असा कार्यक्रम ठरलेला असतो.

किल्ल्यातील जिनमंदिरांत मात्र पावले आपोआप मंदावतात. श्री पार्श्वनाथ, श्री संभवनाथ, श्री चंद्रप्रभ, श्री ऋषभदेव आदी मंदिरांतील तोरणे, स्तंभ व छतांवरील कोरीव काम पाहताना दगडाचा कठीणपणा विसरायला होतो. तथापि या नगरीचा खरा ठेवा डोळ्यांना सहज दिसत नाही. तो श्री संभवनाथ मंदिराच्या तळघरात आहे. वि. सं. १४९७ मध्ये प्रतिष्ठित झालेल्या या मंदिराच्या तळघरातील ज्ञानभांडार खरतरगच्छाचे आचार्य श्री जिनभद्रसूरी यांच्या नावाने ओळखले जाते. ताडपत्रावरील शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या आणि त्यांच्या चित्रित लाकडी पट्टिका तेथे जतन झाल्या.

या भांडारात केवळ आगमग्रंथ ठेवले गेले असे नाही. १८७४ साली जर्मन पंडित ब्यूलर तेथे गेले, तेव्हा त्यांना काश्मिरी कवी बिल्हणाचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे काव्य सापडले. दक्षिणेतील कल्याणीच्या चालुक्य राजाचे हे चरित्र. कवी काश्मीरचा, राजा दख्खनचा आणि पोथी राखली ती मरुभूमीतील जैन संघाने ! १८७५ साली ते मुंबईत छापले गेले. पुढे १९५० च्या सुमारास आगमप्रभाकर मुनी श्री पुण्यविजयजींनी तेथे दीर्घ मुक्काम करून विस्कळीत पोथ्यांची व्यवस्था लावली व सूची सिद्ध केली. मुनी श्री जंबूविजयजींनी त्या हस्तलिखितांच्या संगणकीय प्रतिमा करविल्या.

हे सर्व कोणाच्या बळावर टिकले ? नगरातील श्रेष्ठी उंटांच्या तांड्यांवर व्यापार करीत. १८०५ च्या सुमारास सुरू झालेल्या पटव्यांच्या पाच हवेल्या त्या वैभवाची साक्ष देतात. मुंबईसारखी बंदरे वाढली तसा तांड्यांचा मार्ग ओस पडत गेला. १९४७ च्या फाळणीने तो पुरता बंद झाला. अनेक कुटुंबे देशोदेशी पांगली. व्यापार गेला, हवेल्यांना कुलपे लागली. पण देवपूजा आणि पोथ्यांची राखण थांबली नाही.

पोथ्यांना वाळवंटाच्या कोरड्या हवेचीही साथ मिळाली. ताडपत्राचा वैरी ओलावा. आणि आज त्या नगरीवरचे संकट नेमके पाण्याचेच आहे. शतकानुशतके गडीसर तलावाचे पाणी डोक्यावरून वाहून आणले जाई आणि जपून वापरले जाई. नळ आले, किल्ल्यात अतिथिगृहे वाढली, सांडपाणी तटाखालच्या ठिसूळ खडकात मुरू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही बुरूज ढासळले. २०१३ मध्ये राजस्थानातील डोंगरी किल्ल्यांबरोबर जैसलमेरला जागतिक वारशाचा मान मिळाला; तरीही ऑगस्ट २०२४ च्या अतिवृष्टीत तटाचा काही भाग कोसळला. मार्गदर्शक बुरुजांची संख्या सांगतो. त्यांच्या पायात मुरणाऱ्या पाण्यात प्रवाशांच्या स्नानाच्या पाण्याचाही वाटा आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

पाणी तुपासारखे वापरावे, ही जैन घरांतील जुनी शिकवण. पाण्याच्या थेंबात जीव मानणाऱ्या समाजाने तीर्थक्षेत्री तीच शिकवण विसरावी, यासारखा विरोधाभास नाही. म्हणून यात्रासंघांनी मुक्काम किल्ल्याबाहेर, खालच्या शहरात करावा. स्नानाला एक बादली पुरेशी मानावी. कार्यक्रमात ज्ञानभांडाराच्या दर्शनासाठी स्वतंत्र वेळ ठेवावा आणि मुलांना त्याचा इतिहास आधी सांगून न्यावे.

दुसरे कर्तव्य घराजवळचे आहे. गावोगावच्या मंदिरांत, उपाश्रयांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर कापडात बांधलेल्या पोथ्या आजही असतील. ज्ञानपंचमीला त्यांना वासक्षेप वाहिला जातो. त्याच दिवशी त्या उघडून, हलक्या हाताने धूळ झाडून, यादी करून, जाणकारांकडून छायाचित्रे करून घेतली तर पूजा पूर्ण होईल.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने या सुवर्णमहोत्सवी वर्षात अशा एका यादीचा आरंभ करावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना. जैसलमेरचे सोने सूर्यकिरणांनी पिवळे दिसते, पण ते तळघरातील अंधारात सांभाळले गेले. तो सांभाळ पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप जावो.

जय जिनेंद्र !