बटण दाबण्याआधी

पेठ वडगावच्या बाजारपेठेतला व्यापारी आज दुकानात बसल्या बसल्या लाखाची रक्कम मोबाईलवरून पाठवतो. खातेक्रमांकातला एकच आकडा चुकला, तर? रिझर्व्ह बँकेच्या 2010 सालच्या सूचनेनुसार अशी रक्कम केवळ खातेक्रमांक पाहून जमा होते. नाव अचूक लिहूनही पैसे परक्याच्या खात्यात जाऊ शकतात.

यावर बँकांच्या ॲपनी खातेक्रमांक दोनदा टाकायला लावला. पण चिठ्ठीवरचा 6 मुळात 8 वाचला गेला असेल, तर माणूस दोन्ही वेळा 8 च टाकणार! त्याहून भक्कम सोय म्हणजे पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव समोर दाखवणं. यूपीआयवर ते आधीपासून दिसत होतं. आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय देण्याकरता रिझर्व्ह बँकेनं बँकांना 1 एप्रिल 2025 ची मुदत घातली.

आधार क्रमांकात तर पहारा आकड्यांमध्येच बसवलेला आहे. या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला असतो. डच गणिती व्हेरहूफ यांची ही रीत. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की हिशेब जुळत नाही आणि संगणक तिथंच अडवतो.

नुसता इशारा मात्र पुरत नाही.

डिसेंबर 2005 मध्ये टोकियोत मिझुहो सिक्युरिटीज या दलाल कंपनीला जे-कॉम कंपनीचा एक शेअर 6 लाख 10 हजार येनला विकायचा होता. प्रत्यक्षात 6 लाख 10 हजार शेअर एक येन दरानं विक्रीला लागले. स्क्रीनवर सूचना आली होती, पण ती ओलांडून सौदा पुढे गेला. नुकसान झालं सुमारे 40 अब्ज येन. जे-कॉमचे एकूण शेअरच 14,500 होते. इतकी मोठी विक्री यंत्रानं घ्यायलाच नको होती.

झालेली चूक सुधारण्याची सोयही हवी. आपल्या शेतकऱ्याच्या हातात 2021 पासून ई-पीक पाहणीचं ॲप आहे. उसाऐवजी सोयाबीन नोंदलं गेलं, तर सातबाऱ्यावर तेच चढतं आणि पुढे पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांत अडचण येते. 2022 च्या सुधारित ॲपमध्ये 48 तासांत आपली नोंद स्वतः दुरुस्त करण्याची सोय आली. पिकाचा फोटो शेताच्या गटापासून दूर उभं राहून काढला, तर ॲप तसं सांगू लागलं. तलाठ्याकडे खेटे घालण्याआधीच चूक निस्तरण्याची ही वाट आहे.

पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणांनी हे आवर्जून पाहावं. रकमेखाली अक्षरी रक्कम मराठीत उमटावी. कर्जाच्या मर्यादेपलीकडचा आकडा स्वीकारलाच जाऊ नये. ‘पाठवा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणं एकमेकांना खेटून नसावीत. आणि काउंटरवर गर्दी असताना काम करणाऱ्या क्लार्कच्या शेजारी तासभर बसून, त्याचा हात कुठे अडखळतो ते पाहूनच स्क्रीनची आखणी करावी.