नातवाचं वाचन आणि माझा चष्मा



सेक्रेटरीसाहेबांनी विषय दिला, 'मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी'. मी बँकेतला माणूस, शिक्षक नाही. म्हणून उपदेश करत नाही. माझ्या हातून काय चुकलं, तेवढं सांगतो.

जानेवारी २०१९ मध्ये आपल्या यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. त्याआधी १९७३ साली गदिमा अध्यक्ष असलेलं संमेलनही इथेच झालं होतं, तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो. त्या आठवणींच्या भरात नातवाला पुस्तकांच्या स्टॉलवर घेऊन गेलो. तो तिसरीत होता. त्याने चित्रांचं एक पातळसं पुस्तक उचललं. मी ते खाली ठेवायला लावलं आणि थोर पुरुषांच्या चरित्रांचा जाडजूड ग्रंथ घेतला. पैसे वसूल व्हायला पाहिजेत ना!

मग रोज संध्याकाळी सहा वाजता दोन पानं. तो वाचायचा आणि मी शेजारी बसून चुका काढायचो. 'श' आहे, 'स' नाही. पुन्हा वाच. अर्थ सांग. तात्पर्य काय? ब्रँचमध्ये इन्स्पेक्शन चालावं तसं. पंधरा दिवसांत पोट्ट्याचं पोट दुखायला लागलं, तेही बरोबर सहा वाजता. एकदा स्वयंपाकघरात तो आजीला हळूच विचारत होता, "आज आबा बाहेर नाही जाणार का?" फाटकातूनच 'आबा' म्हणून ओरडत येणारं हे पोरगं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्रंथ कपाटात गेला.

जूनमध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नव्या नंबरचा चष्मा मिळेपर्यंत महिनाभर जवळचं अक्षर दिसेना. पेपरशिवाय माझा चहा घशाखाली उतरत नाही. म्हटलं, "बाळा, स्कोअर तेवढा वाचून दाखव रे." इंग्लंडमध्ये वर्ल्ड कप सुरू होता. तो बोट ठेवून, अडखळत वाचू लागला. मी गप्प. त्यात माझा मोठेपणा काहीच नव्हता; अक्षरच दिसत नव्हतं, तर चूक पकडणार कशी? 'क्षेत्ररक्षण'पाशी अडला, तेव्हा त्यानेच मला विचारलं. मी सांगितलं, तो पुढे गेला.

१० जुलैला आपण न्यूझीलंडकडून सेमीफायनल १८ धावांनी हरलो. त्याने टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी धोनी रनआऊट झाल्याचा मजकूर त्याने मला वाचून दाखवला आणि मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. लांबचं मला दिसत होतं.

चष्मा आला, पण पंधरा दिवस मी तो त्याच्यासमोर लावला नाही. लबाडीच ती.

पुढे भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणला. रात्री मी वाचायचो आणि बन्या नेमका संकटात सापडला की पुस्तक मिटायचो. "डोळे दुखतात रे, आता उद्या." चौथ्या दिवशी सकाळी पाहतो, तर पुस्तकातली खूण वीस पानं पुढे! बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. तेही त्याने वाचले. पण सर्वांत लाडका चिंटू. कॉमिक म्हणजे वाचन नव्हे, असं आमच्या एका मित्राचं मत आहे. मी वाद घालत नाही.

मात्र एक सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अक्षरं जुळवताच येत नसतील, तर आळशी म्हणून मोकळे होऊ नका. डोळे तपासा, शिक्षकांशी बोला.

नातू आता मोठा झाला आहे. मोबाईल जास्त पाहतो, पुस्तकं कमी. ते लपवत नाही.

आपल्या हॉलमधल्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे आहेत. तिथे मुलांसाठी पुस्तकं ठेवू या. रजिस्टर नको, दंड नको, परत नाही आलं तर नाही आलं. जन्मभर लेजर लिहिलेला माणूस हे म्हणतो आहे, सेक्रेटरीसाहेब, नोंद घ्या! पहिली चाळीस पुस्तकं माझ्याकडून. तो चरित्रांचा ग्रंथ मात्र त्यात नसेल.