अनवाणी पावलांची ओळख



खोपटच्या एसटी आगाराबाहेर पहाटे दोन प्रकारचे पांथस्थ दिसतात. एक, गाडी गाठण्यासाठी धावणारा. खिशात ओळखपत्र, कानाशी भ्रमणध्वनी. दुसरा, चातुर्मासासाठी टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराकडे अनवाणी निघालेला जैन मुनी. काष्ठपात्रे, दंड आणि सूक्ष्म जीव हळुवार बाजूस सारणारे लोकरीचे रजोहरण, एवढाच त्याचा संसार. धनाला तो स्पर्श करीत नाही, वाहनात बसत नाही. दीक्षेच्या दिवशी त्याचे पूर्वाश्रमीचे नावही सुटलेले असते.

मग प्रश्न उभा राहतो : नाव, घर, पैसा, हुद्दा सारे सोडल्यावर माणूस म्हणून काय उरते? आजचे युग माणसाला ग्राहक क्रमांकाने आणि कर्जखात्याने ओळखते. नोकरी गेली की त्याला स्वतःचीच ओळख पटेनाशी होते. मुनी स्वेच्छेने हे सारे टाकतो आणि तरीही ताठ मानेने चालतो. उरलेला तो माणूस कोणत्याही नोंदवहीत मावत नाही.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. ग्रीसमधील एथोस पर्वतावर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेचे २० मठ आहेत. तेथेही दीक्षेच्या वेळी नवे नाव मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सात हजारांहून अधिक संन्यासी होते. १९७१च्या सुमारास ते जेमतेम बाराशेच्या आत आले. आता ही परंपरा संपली, असे अनेकांना वाटले. त्यानंतर मात्र विद्यापीठांतून शिकलेले तरुण तेथे येऊ लागले आणि मठ पुन्हा भरू लागले. सुखसोयी वाढल्या म्हणून ‘मी कोण?’ हा प्रश्न मिटत नाही, हेच त्यातून दिसले.

एथोसचे मठ डोंगरात आहेत. जैन मुनी मात्र समाजातच वावरतो. तो स्वयंपाक करीत नाही. गाय जशी थोडे थोडे चरते, तशी अनेक घरांतून थोडी थोडी गोचरी घेतो. म्हणून त्याचे व्रत गृहस्थाच्या दारावर अवलंबून असते. आज ठाण्यात उंच मनोरे उभे राहिले आहेत. नियम पाळणारा मुनी उद्वाहन वापरत नाही, जिने चढतो. खाली पहारेकरी नाव, क्रमांक, कोणाकडे जायचे ते विचारतो. ज्याने नावाचा मोह सोडला, त्याला आपले प्रवेशद्वार कोणत्या रकान्यात बसवणार?

महामार्गांवर तर विहार करणाऱ्या साधु-साध्वींना भरधाव वाहनांखाली प्राण गमवावे लागले आहेत. आपल्या वेगाला चालणारा माणूस दिसेनासा झाला आहे.

म्हणून दोन साध्या गोष्टी कराव्यात. आपल्या गृहसंकुलात मुनींना अडवू नये, अशी सूचना लिहून ठेवावी. विहाराच्या पहाटे चार पावले त्यांच्यासोबत चालावे, मुलांनाही न्यावे. ‘यांच्याकडे काहीच कसे नाही?’ असे मूल विचारील. त्याचे उत्तर शोधताना आपली हरवत चाललेली ओळख आपल्यालाही गवसेल.