ग्रहांचे खडे : पारख आणि निगा

साडेसाती लागली कीं पुण्यांतील पुष्कळ घरांत नीलमाची गोष्ट निघते आणि पावलें सोन्या मारुती चौकाकडे वळतात. परंपरेनें सूर्यास माणिक, चंद्रास मोती, मंगळास पोवळें, बुधास पाचू, गुरूस पुष्कराज, शुक्रास हिरा, शनीस नीलम, राहूस गोमेद व केतूस लसण्या ठरविला आहे.

फळ हा श्रद्धेचा प्रश्न. विज्ञानानें तें सिद्ध केलेलें नाहीं. खडा मात्र परीक्षेचा विषय आहे. १९०२ सालीं व्हर्नॉय या फ्रेंच रसायनज्ञानें कृत्रिम माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा माणकाचें व खाणींतल्या माणकाचें मूलद्रव्य एकच. तज्ज्ञास भिंगाखालीं वक्र रेषा दिसल्या, तर भेद उमगतो. किंमतींत मात्र जमीनअस्मानाचें अंतर. म्हणून सल्ला एकाचा, विक्री दुसऱ्याची व तपासणी तिसऱ्याची असावी.

खडा त्वचेस लागावा म्हणून कोंदण मागून उघडें ठेवतात. तेथें घाम व साबण सांचतो. काठिण्यांत हिरा १०, माणिक व नीलम ९, तर मोती व पोवळें सुमारें ३ ते ४. यास्तव नवरत्नांची अंगठी तींतील सर्वांत मऊ रत्नाच्या बेतानें जपावी. मोत्यास अत्तर व आंबट पदार्थ लागूं देऊं नयेत. ओल्या मऊ फडक्यानें पुसून तो वेगळा ठेवावा. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलें असतें. त्यास कढत पाणी वर्ज्य.

शनीच्या भयानें खडा घेतांना घरावर कर्ज चढूं नये, एवढें भान गृहस्थानें अवश्य राखावें.