दिवे लावून राखलेलं गाव



पॅलेस्टाइन म्हटलं की आपल्या मोबाइलवर ढिगारे दिसतात. आपण हळहळतो, फॉरवर्ड करतो आणि पुढे सरकतो. आज मी तिथल्या अजून उभ्या असलेल्या एका गावाविषयी बोलणार आहे.

गावाचं नाव बत्तीर. जेरुसलेमच्या नैऋत्येला, बेथलेहेमजवळ, डोंगरउतारावर वसलेलं. दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात ऑलिव्ह, द्राक्षं आणि भाजीपाला पिकतो. इथली वांगी प्रसिद्ध आहेत. झऱ्याचं पाणी जुन्या दगडी हौदात साठतं आणि आठ घराण्यांत वाटलं जातं. एकेका घराण्याला एक दिवस, म्हणून बत्तीरच्या पाणीपाळीचा आठवडा आठ दिवसांचा! खुणांची काठी हौदात बुडवली की कुणाला किती पाणी ते कळतं. आम्ही संगणकवाले याला 'राउंड रॉबिन' म्हणतो. तिथले शेतकरी ते पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत.

गावाला लागून बेतारचे अवशेष आहेत. रोमनांविरुद्धच्या ज्यूंच्या बंडाचा शेवटचा किल्ला 135 साली तिथे पडला. ते प्राचीन नाव अरब गावकऱ्यांच्या तोंडी 'बत्तीर' म्हणून टिकलं. एकाच मातीत किती जणांचा इतिहास असतो, हे इथे दिसतं.

1892 मध्ये याफा-जेरुसलेम रेल्वे आली आणि बत्तीरला स्टेशन मिळालं. भाजी थेट शहराच्या बाजारात जाऊ लागली. पण याच रुळांनी पुढे गावाला संकटात टाकलं.

1948 च्या एप्रिलमध्ये देर यासीनचं हत्याकांड झालं. भीतीनं गावंच्या गावं रिकामी होत होती. बत्तीरमधलेही बहुतेक लोक निघून गेले. हसन मुस्तफा हा शिकलेला कार्यकर्ता मात्र मोजक्या साथीदारांसह मागे थांबला. रिकाम्या घरांबाहेर त्यांनी कपडे वाळत घातले, रात्री घरोघरी दिवे लावले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गाव भरलेलं आहे.

1949 मध्ये इस्रायल आणि जॉर्डन यांच्यात युद्धविरामाचा करार झाला. रेल्वेमार्ग इस्रायलला हवा होता, म्हणून रेषा गावाच्या जमिनीतून गेली. शेवटी तोडगा निघाला: गावकऱ्यांनी रेल्वेला धक्का लावायचा नाही आणि रेषेपलीकडची आपली शेतं कसत राहायचं. लोक परतले. पुढे हसन मुस्तफांनी श्रमदानातून गाव उभं केलं, मुलींच्या शिक्षणासाठी धडपड केली. 1961 मध्ये ते वारले.

1967 पासून हा भाग इस्रायली ताब्यात आहे. पुढे विभाजक भिंतीचा मार्ग या शेतांतून आखला गेला. गावकरी कोर्टात गेले. फ्रेंड्स ऑफ द अर्थ मिडल ईस्ट ही संस्था सोबत आली. तिच्यात ज्यू आणि अरब दोन्ही कार्यकर्ते होते. इस्रायलच्या स्वतःच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणानंही भिंतीला विरोध केला. 2014 मध्ये युनेस्कोनं या शेतांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. 2015 च्या जानेवारीत इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात भिंतीचं काम थांबलं.

लढाई संपलेली नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये या वारसा-परिसरातच नव्या ज्यू वसाहतीला इस्रायली सरकारनं मंजुरी दिली.

मग बत्तीरनं आजवर काय केलं? आपण इथे आहोत, हे रोज दाखवलं. आधी दिव्यांनी, मग नांगरानं, मग कागदानं. आणि समोरच्या समाजातले न्यायप्रिय लोक शोधून त्यांना सोबत घेतलं.

आपली परिस्थिती वेगळी आहे. आपण संविधानानं हक्क दिलेले नागरिक आहोत. पण म्हणूनच विचारतो: तुमच्या गावच्या कब्रस्तानाची, ईदगाहची, जुन्या विहिरीची नोंद कुठे आहे आणि कुणाच्या नावावर आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सातबारा काढा. म्हाताऱ्यांजवळ बसा, ते सांगतील ते लिहून घ्या. शेजारच्या आळीतल्या मित्रालाही सोबत न्या. गावाचा इतिहास त्याचाही आहे.