चूल एक, हात आठ



मोडनिंबच्या शिवारात पाऊस हुकला की मजुरीचा दर बाजारात नव्हे, घरातल्या कणगीत ठरतो. चार महिन्यांची ज्वारी शिल्लक असलेला मजूर पडत्या दराला नकार देऊ शकतो. तान्हे मूल घेऊन बांधावर आलेली विधवा देऊ शकत नाही. वि. स. पागे यांनी हे नेमके ओळखले. १९७२ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. तिच्या निधीत शहरी पगारदाराच्या व्यवसाय कराचा मोठा वाटा होता, हे भरणाऱ्यांनाही क्वचितच ठाऊक असे!

त्या कायद्याने हक्क दिला तो प्रत्येक प्रौढ व्यक्तीला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र वर्षाचे १०० दिवस कुटुंबाला मोजून दिले. आणि कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका चुलीवर जेवणारे. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, तोही त्याच मर्यादेत. दोन भाऊ, दोन जावा एकत्र राहिल्या तर माणशी २५ दिवस; चुली वेगळ्या केल्या की दुप्पट. एकत्र कुटुंबाला हा दंड कोणी हेतुपुरस्सर लावला नसेल, पण लागला खरा. शंभरापुढील दिवसांचा भार राज्याच्या तिजोरीवर घेण्याची तरतूद महाराष्ट्राने राखली, म्हणून तो येथे थोडा सौम्य झाला.