गिरणीमालकांच्या संघापासून निवडणूक रोख्यांपर्यंत
(साकीनाका इथे वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कंपन्यांचं राजकारण म्हटलं की निवडणुकीतली पाकिटं डोळ्यांसमोर येतात. पण पाकीट ही फार पुढची पायरी. सुरुवात होते ती एकत्र येऊन अर्ज लिहिण्यापासून. आपणही मोर्च्याआधी तेच करतो.

१८७५ साली मुंबईत दोन गोष्टी घडल्या. गिरण्यांतल्या कामाची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमलं, आणि त्याच वर्षी गिरणीमालकांनी आपला संघ काढला. कामाच्या तासांवर कायदा यावा म्हणून सोराबजी शापूरजी बंगाली धडपडत होते. मालक म्हणत, हा लँकेशायरच्या कापडवाल्यांचा डाव आहे. ते अगदीच खोटं नव्हतं, लँकेशायरला मुंबईची स्पर्धा खुपत होतीच. पण देशाचं हित आणि मालकाचं हित एकाच ताग्यात गुंडाळायची रीत तेव्हापासूनची. १८८१ चा पहिला कायदा मुलांपुरताच आला. बायकांच्या तासांना मर्यादा पडायला १८९१ उजाडलं.

१९१९ च्या सुधारणांनी मालक संघाला मुंबईच्या कायदेमंडळात स्वतःची जागा मिळाली. कालचे अर्जदार आता मत देणारे झाले. बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकाने का सोसावा, हा वाद तिथे १९२८ साली रंगला. डॉ. आंबेडकरांनी विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढे मात्र गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. बाई ठेवली तर खर्च पडतो, हे त्याचं एक कारण. सभागृहात हरलेला मालक भरतीच्या दारात जिंकतो. इथल्या गाळ्यांत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

मग पैसा. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचं ठरवलं. एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण यातून लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असा इशाराही दिला. मला तो निकाल फार प्रामाणिक वाटतो.

१९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. पैसा थांबला नाही, फक्त हिशेबाच्या वहीतून गेला. १९८५ मध्ये नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली, २०१३ मध्ये ७.५ टक्क्यांपर्यंत. २०१७ मध्ये मर्यादाच उठली, आणि कोणत्या पक्षाला दिले हे हिशेबात सांगायची सक्तीही गेली. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले आणि त्या मार्चमध्ये देणाऱ्यांची नावं बाहेर आली.

आता आपल्या कामाचं. २० हजारांवरच्या देणग्यांची यादी प्रत्येक पक्षाला दरवर्षी निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते, आणि ती बघता येते. तुमच्या वस्तीवर ज्याचा डोळा आहे त्या बिल्डरचं, तुम्ही ज्याचा माल घरी बसून तासावर नाही तर नगावर करता त्या कंपनीचं नाव त्यात शोधा. सापडेलच असं नाही, पैसे ट्रस्टमार्फतही जातात. दुपारच्या सत्रात एका वर्षाची यादी आपण मिळून वाचू. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांनी शेजारणीजवळ बसावं.